कुऱ्हाडफेक: क्लचला दांडाच आधी आपटतोय, काय चुकतंय?

मंडळी, मदत हवी आहे.

आठ महिने कुऱ्हाडफेक करतोय. आतापर्यंतचा सगळा सराव डब्ल्यूएटीएलच्या (वर्ल्ड ॲक्स थ्रोइंग लीग) नियमांनी झाला: दहा फेकी, बुल्सआयला ६, वरच्या दोन ठिपक्यांना, म्हणजे किलशॉटला ८. किलशॉट दोनच मागता येतात, त्यामुळे सगळं जमलं तर ६४. आता तीन आठवड्यांनी पहिल्यांदाच आयएटीएफच्या (इंटरनॅशनल ॲक्स थ्रोइंग फेडरेशन) नियमांची स्पर्धा खेळायची आहे, आणि तिथलं गणित वेगळं. पाच-पाच फेकींच्या तीन फेऱ्या, आतून बाहेर ५, ३, १. वरचे हिरवे ठिपके म्हणजे क्लच, त्याला ७. पण क्लच फक्त पाचव्या फेकीला, तोही आधी सांगून. सांगितला आणि हुकला की भोपळा, मग कुऱ्हाड बुल्सआयच्या पोटात रुतली तरी.

माझं दुखणं इथेच आहे. बारा फुटांवरून बुल्सआय दहापैकी आठदा लागतो, उरलेल्या दोन बहुतेक ३ मध्ये. क्लच मात्र दहापैकी चारदाच. वहीत मांडून ठेवलंय, उगाच अंदाज नाही. हुकलेल्या फेकी जवळपास सगळ्या एकाच जातीच्या: दांड्याचं खालचं टोक फळीवर खट्ट आपटतं, पातं नुसतं टेकतं आणि कुऱ्हाड खाली. परवा तर उसळून बुटापर्यंत आली.

जोर लावून पाहिला, काही फरक नाही. मनगट झटकून पाहिलं, तर एक बसली आणि पुढची लक्ष्यावरून थेट मागच्या भिंतीकडे.

दुसरा प्रश्न: सरावातले एक काका म्हणतात, ‘क्लच सांगायचाच, नाहीतर खेळायला यायचंच कशाला?’ हे बरोबर आहे का? जाणकारांनी सांगावं.

प्रतिसाद
फळी कोरडी असेल. आम्ही सरावाआधी पाणी मारतो, मऊ लाकडात पातं चांगलं धरतं. तेवढं करून बघा.

प्रतिसाद
पाणी माराच, पण इथे फळीचा दोष नाही. धार लागूनही कुऱ्हाड सुटत असती तर फळीवर शंका घेतली असती. यांचा दांडा आधी लागतोय, म्हणजे कुऱ्हाड पुरती फिरायच्या आत लक्ष्याला पोचतेय. उलट झालं असतं, म्हणजे पात्याचा वरचा कोपरा आधी लागून दांडा बाहेर उभा राहिला असता, तर ती जास्त फिरली म्हणून पुढे सरका म्हटलं असतं. तुम्हाला मागे जायचंय.

आता सांगा, क्लचच्या वेळी हातातून कधी सोडता? बुल्सआयला सोडता तिथेच, की थोडी आधी?

धागाकर्ता
तुमचं वाचून मोबाईलवर चित्रण केलं. बुल्सआयला हात डोळ्यांसमोर आल्यावर सुटते. क्लचला मूठ कपाळाच्याही वर असतानाच सोडतोय! मला पत्ताच नव्हता.

प्रतिसाद
सापडलं की मग. उंच मारायचं म्हणून हात आपोआप लवकर उघडतो. कुऱ्हाड वर जाते खरी, पण सुटताना तिचं डोकं अजून मागे कललेलं असतं, तेवढं फिरणं कमी पडतं. लवकर सोडायची सवय मोडत नसेल तर वीतभर मागे उभे राहा. रेषेच्या पुढे पाय गेला तर फेक बाद, मागे कितीही जा. जमिनीवर चिकटपट्टी लावून जागा पक्की करा. आणि लक्ष्याच्या मध्याला तोंड करून तिरकं मारू नका. ज्या बाजूचा ठिपका हवा त्याच्या समोर खांदा येईल इतके बाजूला सरका. मनगट मात्र ताठ. झटका दिलात की दोन फेकी सारख्या येणार नाहीत.

प्रतिसाद
काकांना माझा नमस्कार, पण हिशोब त्यांच्या बाजूने नाही. दहापैकी आठ बुल्सआय आणि दोन तीनवाल्या, म्हणजे दर फेकीला सरासरी ४.६. क्लच दहापैकी चार, म्हणजे २.८. दर वेळी मागितलात तर जवळपास दोन गुण हातचे घालवताय. दहापैकी सातवर आलात की खुशाल मागा.

अपवाद एकच. सामना फेऱ्यांवर ठरतो. चार फेकींनंतर दोन गुणांनी मागे असाल आणि समोरचा भरवशाचा बुल्सआयवाला असेल, तर तुमच्या ५ ने फेरी जातेच. तिथे मागायचाच. आणि तीन फेऱ्यांनंतरही बरोबरी राहिली तर मोठ्या कुऱ्हाडीने निकाल लागतो, तिचा सराव केलाय का?

धागाकर्ता
मोठी कुऱ्हाड आजवर दोनदाच हातात घेतलीय, तेव्हा उद्यापासून तीही.

बाकी आजचा हिशोब: वीतभर मागे, खांदा ठिपक्यासमोर, वीस क्लच. अकरा बसले. दांडा फक्त तिघांत आपटला. उरलेले सहा पातं लागून ठिपक्याच्या बाहेर रुतले, त्यातले पाच डावीकडे. उजव्या हाताने फेकतो. आता हे डावीकडे का जातंय, यावर कुणी बोलेल का?