लिगामेंट तुटलं की थेट टेबलावर?

लंगडी_घोडी: काल एका महाशयांनी ठणकावून लिहिलं, "एसीएल (गुडघ्यातली हाडं बांधणारी दोरी) तुटली की महिन्याच्या आत ऑपरेशन करा, नाहीतर चाळिशीत कार्टिलेजचा भुगा. व्यायामाने दोरी जुळत नाही." दोरी जुळत नाही, मान्य. पण कार्टिलेजच्या, म्हणजे हाडांच्या टोकांवरच्या गुळगुळीत अस्तराच्या, भुग्याचं काय? स्वीडनमध्ये १२१ तरुण खेळत्या लोकांवर हाच प्रयोग झाला, २०१० साली छापून आला. एका गटाचं लवकर ऑपरेशन, दुसऱ्याला आधी व्यायाम, आणि गुडघा सटकतच राहिला तर मग ऑपरेशन. दोन वर्षांनी दोन्ही गट सारखे. पाच वर्षांनी एक्स-रेवर झीजही सारखीच. मग कार्टिलेज वाचवायचं म्हणून घाई, हे आलं कुठून?

माझी २०१९ ला तुटली, आझाद मैदानात, बॉलमागे धावताना. टक् असा आवाज आणि संध्याकाळपर्यंत गुडघ्याचा नारळ. सहा महिने फिजिओ. आज दादरचा पूल रोज दोनदा चढते.

टेबलावरचा: ते महाशय मीच. अभ्यास शेवटपर्यंत वाचायचा असतो, बाई. व्यायामवाल्या ५९ पैकी २३ जण दोन वर्षांत टेबलावर गेले, पाच वर्षांत ३०. निम्म्याहून जास्त! आणि धंदेवाईक खेळाडू त्यात घेतलेच नव्हते.

मीही आठ महिने इमानदारीत स्क्वॉट मारले. बेस्टमधून उतरताना गुडघा सटकला आणि आतली गादी (मेनिस्कस) फाटली. शिवण्यासारखी उरली नव्हती, तुकडा कापून काढला. तो तुकडा कुठला स्वीडिश परत आणून देणार?

लंगडी_घोडी: वाईट झालं. पण "सटकत राहिला तर ऑपरेशन" हे मीच वर लिहिलंय. २०२२ च्या ब्रिटनच्या ३१६ जणांच्या अभ्यासातही जुनी दुखापत आणि सटकणारा गुडघा असलेल्यांत ऑपरेशनच सरस ठरलं. मी नाकारतेय कुठे?

लाल_माती: मूळ रोगावर कुणी बोलेल का? मॅट! मातीत पाय घसरायचा, गुडघा वाचायचा. मॅटवर बूट रुततो, अंग वळतं, गुडघा तिथेच. टीव्हीवर कबड्डी गेली आणि पोरांचे गुडघे गेले.

चौथा_मजला: आजोबा, मातीवरही तुटायच्या. एमआरआय नव्हता एवढंच. हळदीचा लेप लावून माणूस दुसऱ्या पाळीला गिरणीत हजर. पुढे जन्मभर लंगडला की म्हणायचे, वात आहे.

लाल_माती: आजोबा कुणाला म्हणतोस? वीस वर्षं चढाया केल्यात, दोन्ही गुडघे शाबूत आहेत.

चौथा_मजला: तुमचे शाबूत, म्हणून सगळ्यांचे? आणि माती आहे कुठे? आमच्या मैदानात गाड्या लागतात. तीही मॅटचीच चूक?

लाल_माती: गाड्या लागल्या तेव्हा तुम्ही चौथ्या मजल्यावरून बघत होतात!

फिजिओ_ताई: भांडा, पण रिपोर्ट घेऊन भांडू नका. माझ्या एका पेशंटच्या एमआरआयवर कार्टिलेजची ग्रेड चार, म्हणजे सगळ्यात वाईट झीज, लिहिली होती. पोरगा रात्रभर रडला. दुर्बीण घातली तर ग्रेड दोन, नुसतं भेगाळलेलं. उलटंही होतं. आणि "हाडाला टोचे मारून कार्टिलेज उगवतं" हे इथे कुणी छापू नका. कार्टिलेजला रक्तपुरवठाच नाही, म्हणून हाडातून रक्त आणायचं. त्यावर उगवतं ते जाडंभरडं, मूळच्यासारखं गुळगुळीत नाही. स्वतःच्याच पेशी वाढवून भरण्याची तऱ्हा १९९४ ला छापून आली, पण तीही सरसकट सगळ्यांसाठी नाही.

टेबलावरचा: म्हणजे भुगा टाळणं महत्त्वाचं. मी तेच म्हणत होतो.

लंगडी_घोडी: तुम्ही "महिन्याच्या आत" म्हणत होतात. स्वीडनमध्ये "लवकर" म्हणजे दहा आठवड्यांपर्यंत होतं.

टेबलावरचा: बरं, महिना मागे घेतो. फक्त महिना. खूश?

लाल_माती: रविवारी सकाळी सातला परळला या. एका मंडळाकडे अजून माती आहे. चौथ्या मजल्यालाही आणा, लिफ्ट चालू असेल तर.

चौथा_मजला: लिफ्ट नाहीच आमच्याकडे. येतो.