सोसायटीच्या सभेत 'बांगलादेशी' हा विषय कसा घ्यावा?

वाघोलीकर:
मी आमच्या गृहनिर्माण संस्थेचा चिटणीस आहे. शेजारच्या बांधकामावरील बंगाली मजुरांच्या घरांतील चौघीजणी आमच्याकडे धुण्याभांड्याला येतात. गेल्या रविवारी काही सभासदांनी त्यांना फाटकावर अडवून कागदपत्रे मागितली. एकीने प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेले आधार कार्ड काढून दाखवले, त्यावर पश्चिम बंगालमधील मुर्शिदाबादचा पत्ता होता. तरीही "आधार काय, कोणीही काढतो" असे म्हणून तिला परत धाडले. तेव्हापासून व्हॉट्सॲप गटावर एक बाजू 'देशद्रोही' आणि दुसरी 'गुंड' ठरली आहे. पुढील महिन्यातील सभेत विषय टाळता येणार नाही. ती कशी चालवावी?

जुना सभासद:
मी कडक अंमलबजावणीच्या बाजूचा आहे, हे आधीच सांगतो. बेकायदा आलेल्यांना परत पाठवलेच पाहिजे. आधार हा नागरिकत्वाचा पुरावा नाही, हेही खरे आहे. आपण परदेशी नाही हे सिद्ध करण्याचा भार 1946 च्या परकीय नागरिक कायद्याने त्या व्यक्तीवरच टाकला होता आणि 1 सप्टेंबर 2025 पासून लागू झालेल्या नव्या कायद्यातही तो तिच्यावरच आहे. परंतु भार इतका जड असल्यामुळेच विचारणारा अधिकृत असावा लागतो. भारतात 1 जुलै 1987 पूर्वी जन्मलेल्यांना एक नियम, त्यानंतर 3 डिसेंबर 2004 पूर्वी जन्मलेल्यांना दुसरा, पुढच्यांना तिसरा. आई-वडिलांचे नागरिकत्व पाहावे लागते ते वेगळेच. हा हिशेब फाटकावर उभ्या उभ्या कोण करणार? संशय असेल तर पोलिसांना कळवावे आणि आपण बाजूला व्हावे.

सिंहगड रोड:
आपले राजकारण जुळणार नाही, पण शेवटच्या वाक्याशी मी सहमत आहे. कागद नसलेला मजूर निम्म्या मजुरीत राबवून घेतला जातो आणि त्याचा फटका नाक्यावरच्या आपल्या बिगाऱ्यालाही बसतो, ही तक्रार आमच्या बाजूने कधी नीट ऐकून घेतली नाही, हेही कबूल करतो. मात्र बोलीवरून माणूस ओळखू नये. पद्मा नदीच्या अलीकडे आपले मुर्शिदाबाद आणि पलीकडे बांगलादेशातील राजशाही. अक्कलकोटचा माणूस कन्नड बोलला म्हणून त्याला कर्नाटकात धाडण्यासारखेच ते होईल. जून 2025 मध्ये महाराष्ट्रातून पकडलेल्या पश्चिम बंगालच्या काही मजुरांना सीमेपार ढकलले गेले आणि मग परत आणावे लागले. चूक पोलिसांकडूनही होते, तर आपली काय कथा! राज्यघटनेच्या कलम 21 मध्ये 'नागरिक' नव्हे, 'व्यक्ती' असा शब्द आहे, तेवढा सभेत वाचून दाखवावा.

धायरीची चिटणीस:
आमच्याकडे हे होऊन गेले आहे. विषयपत्रिकेवर 'बांगलादेशी घुसखोरी' असे छापले असते तर सभा पहिल्या मिनिटालाच फुटली असती. म्हणून आम्ही 'घरकामगारांची पोलीस पडताळणी' एवढेच लिहिले आणि त्यात मराठी बायकांनाही धरले. अध्यक्षांनी अट घातली की आधीच्या वक्त्याचे म्हणणे त्याला पटेल असे सांगितल्याखेरीज कोणी उत्तर देऊ नये. निम्मे वक्ते तिथेच अडखळले. एका काकांनी "आवारात एकही परदेशी नको" असा ठराव मांडला, तेव्हा त्यांच्या हातात चहाचा कप देणारा आमचा रखवालदार नेपाळचा होता. 1950 च्या भारत-नेपाळ करारानुसार नेपाळी नागरिक येथे राहून काम करू शकतात, हे कोणीतरी सांगितल्यावर काकाही हसले आणि ठरावातील शब्द त्यांनी स्वतःच बदलले. फाटकावर कोणत्याही सभासदाने कोणाचे कागद तपासू नयेत, हे मात्र आम्ही इतिवृत्तात स्वतंत्र कलम म्हणून लिहिले. तसे केले नसते तर महिन्याभरात पुन्हा तेच झाले असते.

वाघोलीकर:
सर्वांचे आभार. विषयाचे शीर्षक बदलले आहे. फाटकावर अडवणाऱ्या दोघांना काल घरी जाऊन भेटलो. त्यांतील एकाने पोलिसांकडे जाण्याची तयारी दाखवली, दुसरे अजून नाराज आहेत. मुर्शिदाबादची ती बाई सोमवारपासून कामावर आलेली नाही. मुकादमाकडे निरोप ठेवला आहे.