धावपळीत न पाहिलेलं स्टेशन

आपल्यात नाशिकरोडहून अप-डाऊन करणारी मंडळी बरीच आहेत. पंचवटी एक्सप्रेस गाठायच्या घाईत जिना, फलाट आणि घड्याळ, एवढंच दिसतं. तरी एखादं स्टेशन थांबून पाहिलं असेलच ना? कुठलं ते सांगा.

सुरुवात मीच करते. दादरला उतरायचं, स्लो लोकलने भायखळा. अकरा वर्षं हाच रस्ता. तिथली इमारत १८५७ची, हे मला ठाऊकच नव्हतं. माझ्या लेखी ते रंगावर रंग चढलेलं एक मळकट प्रकरण. मग काम निघालं, परांची बांधली गेली, आम्ही वैतागलो. एका सकाळी पाहते तर परांची उतरलेली आणि रंगाखालून काळा दगड वर आलेला! लोकल सोडून दिली आणि हात लावून पाहिला. टाकीचे घाव बोटांना लागतात. २०२२ला युनेस्कोचा पुरस्कार जाहीर झाला, तेव्हा डब्यात पेढे मी वाटले. माहेरचा वाडा दुरुस्त झाल्यासारखं वाटलं, हसू नका.

मेनरोड
ताई, आपलं स्टेशन तरी कुठे गावात आहे? आठ-नऊ किलोमीटर लांब. म्हणून तर १८८९ला ट्राम आली: जुन्या नगरपालिकेपासून नाशिकरोडपर्यंत, दोन डबे, ओढायला चार घोडे. १९३०नंतर दोन-तीन वर्षांत बंद पडली. पणजी सांगायची, रात्री गाडीने उतरलं की उजाडेपर्यंत स्टेशनवरच पथारी. मधल्या रानातून अंधारात येणार कोण?

जेलरोड
वीस वर्षं पास काढतोय. सीएसएमटीच्या फाटकाच्या खांबांवर एकीकडे सिंह, दुसरीकडे वाघ आहे. सिंह इंग्लंडचा, वाघ आपला. हे मला कोणी सांगितलं? सहलीला जाऊन आलेल्या सातवीतल्या मुलीने! वास्तुविशारद स्टीव्हन्सने १८७८ला काम सुरू केलं आणि पुढची दहा वर्षं ते चाललं, हेही तिनेच ऐकवलं. मी मान डोलावली, जणू मला माहीतच होतं.

इंदिरानगर
दगड-कमानी ठीक. एका स्टेशनवर (नाव नको) गुडघेदुखीच्या आईला घेऊन दोन जिने चढलोय, सरकता जिना बंद. तेव्हा नक्षी दिसत नाही हो.

महामार्ग स्टँडवरून कसारा, मग लोकल
कसाऱ्यात नक्षी शोधूच नका. तिथे बघायचं ते मागचं इंजिन. थळ घाटाचा चढ ३७ फुटांना एक फूट. पुढच्या इंजिनाला एकट्याला झेपत नाही, म्हणून इगतपुरीपर्यंत मागून बँकर, म्हणजे जादा इंजिनं, ढकलतात. ते जोडताना धक्का बसतो आणि हातातला चहा हमखास शर्टावर. जुने पासवाले तेवढ्यापुरता कप उचलून धरतात, गप्पा न थांबवता.

धागाकर्ती
अय्या, तो धक्का त्याचा होय? मी इतकी वर्षं ड्रायव्हरला नावं ठेवतेय!