हरिकेन इंजिनची जीप दुपारी सुरू होत नाही (फोटोंसह)

आर्वीकर: जुन्या जीपांच्या मेळाव्याचे फोटो टाकले, राजेहो. तिसऱ्या फोटोतली सीजे-३बी मॉडेलची जीप, हरिकेन इंजिन, पेट्रोल. सकाळी झकास चालते, दुपारी दहा मिनिटं उभी केली की सुरूच होत नाही. काहून?

पांढरकवडा_जीप: व्हेपर लॉक दिसतो. या इंजिनात पेट्रोल पंप अन् सायलेन्सरचा मॅनिफोल्ड (जळालेला धूर बाहेर नेणारा नळ) दोन्ही डाव्या अंगाला. ४५ अंशांत गाडी थांबली की पंखाही थांबतो, पंपातल्या पेट्रोलची वाफ होते; डायाफ्राम (पंपातला पडदा) मग नुसती वाफच दाबत बसतो. तपासा आधी: ठिणगी पडू नये म्हणून कॉइलची मधली वायर काढा, कार्बोरेटरकडची नळी बाटलीत धरा, स्टार्टर मारा. बुडबुडे आले तर व्हेपर लॉक. पिचकाऱ्या नीट आल्या तर दोष बहुधा करंटचा, म्हणजे प्लगच्या ठिणगीचा. मॅनिफोल्ड गरम असतो, पेट्रोल सांडू देऊ नका.

उपाय म्हणजे नळी मॅनिफोल्डपासून दूर न्या, मधात पत्रा लावा. पंपावर ओला फडका हा तात्पुरता जुगाड, पण चालतो.

मोर्शी_गॅरेज: ई२० (२० टक्के इथेनॉल मिसळलेल्या) पेट्रोलनं जुनं रबर फुगतं, हेही पाहा. पंपाचा किट अन् नळ्या इथेनॉल सोसणाऱ्याच घ्या.

करंट गायब होत असेल तर डिस्ट्रिब्युटरचा कंडेन्सर बदला. गरम झाल्यावरच दगा देतो. पॉइंट गॅप ०.०२० इंच, प्लग ०.०३०, टायमिंग पिस्टन वर पोचायच्या ५ अंश आधी, सिलिंडरांचा फायरिंग क्रम १-३-४-२.

आर्वीकर: बुडबुडेच आहेत. पण बॉनेट इतकं उंच कशाले?

मोर्शी_गॅरेज: इनटेक व्हॉल्व्ह हेडमध्ये, एक्झॉस्ट ब्लॉकमध्ये. त्यानं इंजिन उंच झालं. टॅपेट (व्हॉल्व्हची फट) थंड इंजिनावरच लावा: इनटेक ०.०१८, एक्झॉस्ट ०.०१६ इंच.