'डेंजर'मध्ये असणे म्हणजे कोणाच्या तरी ताब्यात असणे

प्रश्न : चौदाव्या शतकातला इंग्रज कवी चॉसर याच्या 'कँटरबरी टेल्स'मध्ये चर्चच्या कोर्टाची समन्स बजावणाऱ्या माणसाचं वर्णन येतं. बिशपच्या मुलखातली तरुण मंडळी त्याच्या 'डेंजर'मध्ये होती, असं तिथे म्हटलंय. 'धोका' हा अर्थ बसत नाही. मग कोणता घ्यायचा?

उत्तर : 'ताबा' घ्या, ओळ लगेच लागेल. ती पोरं त्याच्या मुठीत होती.

लॅटिनमध्ये 'डॉमिनस' म्हणजे धनी. त्यावरून जुन्या फ्रेंचमध्ये 'दांजिए' झाला : सरदाराची सत्ता, त्याचा हुकूम. १०६६ नंतर इंग्लंडवर नॉर्मन राज्य आलं, दरबारात फ्रेंच रुजली आणि तेराव्या शतकापर्यंत हा शब्द इंग्रजीत उतरला, तोही याच अर्थाने. संकटासाठी 'पेरिल' होताच, तोही फ्रेंचमधूनच आलेला.

मला सगळ्यात आवडतो तो अर्थाचा मधला टप्पा. शेक्सपिअरच्या 'मर्चंट ऑफ व्हेनिस'मध्ये वकिलाच्या वेशातली पोर्शिया अँटोनिओला विचारते, तू याच्या 'डेंजर'मध्ये आहेस ना? अँटोनिओ शायलॉकचा कर्जदार, करारात शेरभर मांस लिहून दिलेलं. म्हणजे तो सावकाराच्या तावडीत आहे आणि जिवावरही बेतलंय. दोन्ही अर्थ एकाच शब्दात उभे आहेत. आपल्याकडेही 'ताबा' आणि 'तावडी' यांत हाच फरक आहे : तावडी म्हटलं की इजेची भीती आलीच. इंग्रजीत पुढे धनी गळून पडला, भीती तेवढी राहिली.

पुरवणी प्रश्न : त्याच ग्रंथात गरीब पाद्री बोलण्यात 'डेंजरस' नव्हता असंही आहे. तिथे?

उत्तर : तिथे 'ताठर, तुसडा'. सत्ता असलेला माणूस सहज वश होत नाही, त्यातून हा अर्थ निघाला. तेराव्या शतकातल्या 'रोमान द ला रोझ' या फ्रेंच काव्यात तर दांजिए हे एक पात्रच आहे. गुलाबावर पहारा देणारा हा दांडगा रखवालदार प्रियकराला हुसकावून लावतो. प्रेयसीचा नकारच कवीने त्याच्या रूपात उभा केलाय. मराठीतल्या 'डेंजर माणूस'चा याच्याशी संबंध नाही, तो आजच्या इंग्रजीतून आपण घेतला.

जाता जाता : 'डॉमिनस'चं स्त्रीरूप 'डॉमिना'. आपली 'मॅडम' तिच्यातूनच आली आणि गोव्यातल्या दोना पावलामधली पोर्तुगीज 'दोना'सुद्धा.