गावठी कुत्रीला अजिलिटी शिकवायची आहे, क्लब कसा पारखावा?

फोंड्याहून:
नमस्कार मंडळी. आमची चिमी दहा महिन्यांची, गावठी, कुळागरात (सुपारीच्या बागेत) सापडलेली. अंगात एवढी रग की चिऱ्यांचा गडगा ओलांडून शेजाऱ्यांच्या भाटात, म्हणजे बागेत जाते. म्हणून अजिलिटीचा, म्हणजे दांड्या, बोगदे, खांब असे अडथळे कुत्र्याने धावत पार करायच्या खेळाचा विचार केला. एका ठिकाणी नेलं, तर पहिल्याच दिवशी तिला माझ्या गुडघ्याच्याही वरच्या दांडीवरून उडवायला लागले. ती बिचकली तेव्हा पट्टा खेचला. मी तशीच परत आणली. माझं चुकलं का? आणि गावठी कुत्रीला हे जमतं का?

म्हापशाहून:
ताई, अजिबात चुकलं नाही. दहाव्या महिन्यात हाडं पुरती भरलेली नसतात, मोठ्या जातींना तर दीड वर्ष लागतं. एफसीआय या श्वानसंस्थांच्या जागतिक संघटनेच्या आंतरराष्ट्रीय स्पर्धेत १८ महिन्यांखालचा कुत्रा उतरवतच नाहीत, ते यासाठीच. तोवर दांडी जमिनीवर ठेवायची, उडी नकोच. आखूड, सरळ बोगदा, तोही हलू नये म्हणून वाळूच्या पिशव्या लावून. सी-सॉची फळी आधी जमिनीवरच, कारण कुत्री घाबरतात ती पायाखालच्या हालचालीला आणि आपटण्याच्या आवाजाला. खांबांमधली नागमोडी सगळ्यात शेवटी. १२ खांब, मध्ये ६०-६० सेंटीमीटर. कोवळ्या पाठीला ती वळणं सोसत नाहीत.

स्पर्धेत कुत्र्याला पट्ट्याने धरून पळवत नाहीत आणि त्याला हातही लावता येत नाही. आपला आवाज आणि अंगाचं वळण, एवढ्यावरच ते धावतं. पट्टा खेचून शिकवलेलं तिथे कसं टिकणार?

क्लब बघायला पहिल्यांदा चिमीला न घेता जा. एक तास नुसत्या बसा आणि चुकलेल्या कुत्र्याचं काय करतात ते बघा. दांडी खाली घेतली, खाऊ देऊन पुन्हा सोपं करून दिलं, तर तो क्लब चांगला. दांडी धक्क्याने पडते ना, हेही हात लावून बघा. घट्ट बसवलेल्या दांडीने पाय मोडतो.

गावठीचं म्हणाल तर बिनधास्त शिकवा. १९७८ साली लंडनच्या क्रफ्ट्स या कुत्र्यांच्या प्रदर्शनात, घोड्यांच्या उड्यांच्या स्पर्धेवरून बेतलेला हा खेळ पहिल्यांदा दाखवला गेला. इथे रूप बघत नाहीत, चपळाई बघतात.

मडगावहून:
जमीनही बघा हो. आपल्याकडची चिऱ्याची खडी पंजे सोलते. गवत हवं, खड्डे नकोत. सकाळी आठच्या आत उरकणारा वर्ग घ्या, नंतरच्या दमट उन्हात कुत्री धापा टाकतात. पावसात ओल्या फळीवर चढवणाऱ्याकडे जाऊच नका. गोचिडांचं औषध आणि लेप्टोची (उंदरांच्या लघवीतून पसरणाऱ्या तापाची) लस झाली आहे ना?

फोंड्याहून:
लस झाली आहे. तुम्हा दोघांचे मनापासून आभार, जिवात जीव आला. आज अंगणात बांबू आडवा टाकला. चिमी आधी हुंगत बसली, मग ओलांडून माझ्याकडे आली. खोबऱ्याचा तुकडा दिला, तर आपणहून परत गेली. रविवारी एका क्लबात नुसती बसायला जाते आहे.