पनामा कॅनॉल क्रूझ: फुल ट्रान्झिट की पार्शियल? बाबांसाठी विचारतेय

परळची_लेक:
नमस्कार मंडळी. बाबा पोर्ट ट्रस्टमधून रिटायर झालेत, बरीच वर्षं मुंबईच्या इंदिरा डॉकच्या लॉकगेटवर ड्युटी होती, आणि आता एकदा तरी पनामा कॅनॉल बोटीतून पार करायचाय म्हणतात. आईपण येणारे, दोघंही साठीच्या पुढे. एजंट दोन पॅकेजं दाखवतोय, त्यातलं पार्शियलवालं बरंच स्वस्त आहे. त्यात नक्की काय सुटतं? आणि बाल्कनी कुठल्या बाजूची घ्यावी? एजंट म्हणतो सगळं सेमच दिसतं, पण मला ते पटत नाहीये.

दर्यावर्दी_माझगाव:
ताई, फुलच घ्या. पार्शियलला बोट कॅरिबियनकडून गाटूनचे तीन लॉक (पाणी भरून-सोडून बोट वरखाली करणारे गेटवाले हौद) चढते, वरच्या गाटून तलावात थांबते आणि त्याच वाटेने खाली. म्हणजे डोंगर फोडून काढलेला कुलेब्रा कट गेला, पेद्रो मिगेल आणि मिराफ्लोरेस हे पलीकडचे लॉक गेले, पॅसिफिकला उतरणंही गेलं. बाबांनी हयात लॉकवर काढलीये, त्यांना अर्ध्यातून परत नका आणू. आख्खी बोट २६ मीटर वर चढते आणि त्याला एकही पंप नाही, व्हॉल्व्ह उघडले की तलावाचं पाणी आपल्या वजनाने खालच्या चेंबरमध्ये येतं.

अजून एक, बुकिंगआधी विचारा की बोट जुन्या लॉकमधून जाते की २०१६ च्या नव्या. जुने जास्त बघण्यासारखे, रुंदी ३३.५ मीटर आणि त्यात ३२ मीटरची बोट घालतात, भिंत अगदी हाताशी येते, आणि दोन्ही काठांवर रुळांवरची इंजिनं दोरांनी बोट मधोमध धरून ठेवतात, त्यांना म्यूल म्हणतात. नव्या लॉकमध्ये ते काम टगबोटी करतात.

खिडकीची_सीट:
बाजूचं टेन्शन घेऊ नका, दोन्हीकडे छान दिसतं. पहिल्या लॉकला मात्र उजाडायच्या आधी पुढच्या डेकवर जागा धरा, गर्दी होते. नंतर एखाद्या लॉकला खालच्या डेकवर या, तिथून ओली भिंत हळूहळू खाली सरकताना दिसते, बाबांना तेच आवडेल बघा. आईंना टोपी आणि पाणी द्या, दमट उकाडा आपल्या मे महिन्यासारखाच असतो.

डॉक्टरीणबाई:
सगळ्यात आधी यलो फीव्हरच्या लसीचं बघा प्लीज. पनामा आपल्या सरकारच्या यादीत आहे, परत येताना सर्टिफिकेट नसेल तर क्वारंटाइन करू शकतात. लस ठरावीक सरकारमान्य सेंटरवरच मिळते आणि सर्टिफिकेट दहा दिवसांनी लागू होतं. साठीनंतर या लसीचा त्रास व्हायची शक्यता थोडी जास्त असते, म्हणून दोघांनी आधी आपल्या डॉक्टरांना विचारायचंच. तिथे फ्रेंचांनी कॅनॉल खणायला घेतला तेव्हा मलेरिया आणि यलो फीव्हरने हजारो मजूर गेलेत, लस हलक्यात घेऊ नका.

परळची_लेक:
खूप थँक्यू सगळ्यांना, फुलच घेतोय! बाबांना वाचून दाखवलं तर म्हणाले आपला डॉक पण १९१४ चाच, पनामाच्याच वर्षाचा. त्यांचा प्रश्न आहे, आपल्याकडे समुद्राचंच पाणी, मग तिथे तलावाचं गोडं पाणी दर बोटीमागे समुद्रात जातं का?

दर्यावर्दी_माझगाव:
हो, बरोब्बर पकडलं काकांनी. जुन्या लॉकमधून एक बोट पार व्हायला अंदाजे २० कोटी लिटर जातं, आणि तोच तलाव पनामा सिटीला प्यायचं पाणीही देतो. २०२३ ला पाऊस कमी पडला तेव्हा रोजच्या बोटी कमी कराव्या लागल्या होत्या. नव्या लॉकला बाजूला टाक्या आहेत, त्यात साधारण ६० टक्के पाणी परत वापरतात. काकांना म्हणावं नव्या लॉकजवळून जाताना त्या टाक्या नक्की बघा, डेकवरून दिसतात.